समुद्रतळाची तार आणि राजसत्ता

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीतील सुधारणा सांगताना आगगाडी, टपाल आणि तारायंत्र ही त्रयी एका दमात उरकली जाते. आगगाडीच्या भांडवलाविषयी आणि तिच्या व्याजाच्या हमीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तारायंत्राच्या वाट्याला मात्र एखादी ओळच येते. समुद्राखालून खंडाखंडांना बांधणारी तार कोणाच्या मालकीची होती, तिचे दर कोण ठरवीत असे आणि युद्धप्रसंगी ती कोणाच्या आज्ञेने मुकी होत असे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ते विचारण्याची वेळ आता आली आहे असे आम्हांस वाटते. गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा, ॲमेझॉन यांसारख्या तंत्रज्ञान-कंपन्यांचे सामर्थ्य पाहून ‘राज्यांचे युग संपले, कंपन्यांचे युग सुरू झाले’ असे उद्गार आज सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येतात. कोणी ते आनंदाने काढतो, कोणी भयाने. परंतु ही घटना जगात प्रथमच घडत आहे, हे दोघेही गृहीत धरतात. या समजुतीची परीक्षा करण्यास एकोणिसाव्या शतकातील समुद्री तारांच्या इतिहासाइतके चांगले साधन नाही.

प्रारंभ आपल्याच भूमीपासून करू. कलकत्त्याहून आग्र्यास आणि तेथून ग्वाल्हेर व इंदूर या वाटेने मुंबईस जाणारी तार डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५३-५४ मध्ये उभी राहिली आणि १८५५ मध्ये ती लोकांस खुली झाली. दोनच वर्षांनी उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला. उठाववाल्यांनी ठिकठिकाणी खांब उपटले, तारा तोडल्या; या नव्या यंत्राचा अर्थ त्यांना इंग्रजांइतकाच स्पष्ट कळला होता. परंतु तार हिंदुस्थानच्या किनाऱ्यापाशी संपत होती. १० मे १८५७ रोजी मीरतेस जे घडले त्याची बातमी लंडनला पोहोचण्यास जून महिना संपत आला. ज्या साम्राज्याला आपल्या सर्वांत मोठ्या संकटाची वार्ता कळण्यास सुमारे सात आठवडे लागतात, त्याला समुद्रातून तार हवी होती यात नवल नाही.

इंग्रज सरकारचा पहिला प्रयत्न मात्र फसला. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत तार नेण्यासाठी एक कंपनी निघाली. सरकारने तिला ५० वर्षे ठराविक परताव्याची हमी दिली. १८५९-६० मध्ये ही तार टाकण्यात आली, आणि काही काळातच ती तुकड्यातुकड्यांनी निकामी झाली. हमी मात्र कायम राहिली. अटलांटिक महासागरातील १८५८ च्या तारेचीही तीच गत झाली. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जाण्यास सुमारे १६ तास लागले आणि काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. १८६४-६५ मध्ये इराणच्या आखातातून सरकारी तार आली. पण पुढे तुर्की मुलुखातून संदेश जाताना कित्येक दिवस लागत आणि इंग्रजी न जाणणाऱ्या तारमास्तरांच्या हातून मजकुराची पार मोडतोड होई.

या अपयशांतून एक मनुष्य पुढे आला. जॉन पेंडर हा मँचेस्टरचा कापडव्यापारी. तो शास्त्रज्ञ नव्हता, शोधकही नव्हता. कापसाच्या बाजारात बातमीचे मोल काय असते हे त्यास पुरते ठाऊक होते. समुद्राच्या पाण्यात तांब्याची तार टिकवायची तर तिच्यावर गटापर्चाचे वेष्टण लागे. हा चीक मलाया व आसपासच्या बेटांवरील जंगलांत मिळणाऱ्या झाडांचा. १८६४ मध्ये गटापर्चाचे काम करणारी कंपनी आणि तार वळणारी कंपनी एकत्र करून पेंडरने नवी संस्था उभारली. दोन वर्षांनी ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजातून तिने अटलांटिकची तार यशस्वीपणे टाकली. पुढील काही दशकांत या चिकासाठी मलायातील झाडे इतकी तोडली गेली की ती जात नष्ट होण्याच्या बेतास आली. तंत्राच्या प्रत्येक चमत्काराखाली असे एखादे दूरचे जंगल असते, आणि त्याचा हिशेब कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एक विलक्षण घटना घडली. देशांतर्गत तारकंपन्या महाग आहेत, लहान गावांकडे दुर्लक्ष करतात, अशी तक्रार होती. म्हणून १८६८ च्या कायद्याने पार्लमेंटने त्या सरकारकडे घेण्याचे ठरविले आणि १८७० मध्ये त्या टपालखात्याकडे आल्या. भागधारकांना भरघोस मोबदला मिळाला. हा मोकळा झालेला पैसा पेंडरच्या समुद्री कंपन्यांत ओतला गेला. घरातली तार लोकहितासाठी सरकारने ताब्यात घ्यावी आणि परमुलखाला जाणारी तार खाजगी नफ्यासाठी मोकळी सोडावी, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरच्या तारेविषयी तक्रार करणाऱ्यांना मत होते. मुंबईच्या तारेविषयी तक्रार करणाऱ्यांना ते नव्हते.

१८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईहून एडनच्या दिशेने तार टाकीत निघाले. जून महिन्यात सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे घेत मुंबई ही कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो या लहानशा खाडीशी जोडली गेली. २३ जून १८७० रोजी पेंडरने लंडनमधील आपल्या घरी मेजवानी दिली. तीत युवराज उपस्थित होते आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्याशी तारांची देवाणघेवाण झाली. सात आठवड्यांचे अंतर काही तासांवर आले. १८७२ मध्ये या मार्गावरील कंपन्या एकत्र होऊन ‘ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी’ झाली, आणि पुढल्याच वर्षी पूर्वेकडील देशांसाठी व ऑस्ट्रेलियासाठी तिची भावंड-कंपनी निघाली.

याचा परिणाम आपल्याकडे काय झाला? मुंबईच्या कापूस-बाजाराचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईस आलेली सुबत्ता आणि युद्ध संपल्याच्या वार्तेने १८६५ मध्ये झालेला तिचा अंत सर्वश्रुत आहे. १ जुलै १८६५ च्या वायद्यांत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारख्यांचे वैभव ओसरले. त्या वेळी बातमी डाकेच्या गतीने येत होती आणि जो ती चार दिवस आधी मिळवी तो धनवान होई. १८७० नंतर लिव्हरपूलचा भाव मुंबईस तासांत कळू लागला. त्याच वर्षी खामगावच्या कापूस-बाजारापर्यंत आगगाडीची शाखा पोहोचली. राली बंधू, व्होल्कार्ट यांसारख्या युरोपीय पेढ्या वऱ्हाडात उतरून थेट खरेदी करू लागल्या. वऱ्हाडच्या कुणब्याच्या कापसाचा भाव आता लिव्हरपुलात ठरत होता, आणि त्या भावाची तार वाचण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. तार दोन्ही टोकांना सारखीच पोहोचली; तिचा लाभ मात्र ती विकत घेऊ शकणाऱ्यास झाला. दर शब्दाला ४ शिलिंग हा हिंदुस्थानच्या तारेचा दर अनेक वर्षे राहिला. सरकार, मोठ्या पेढ्या आणि वृत्तसंस्था यांखेरीज तो कोणास परवडणार?

वृत्तसंस्थांचीही गोष्ट अशीच. १८७० मध्ये रॉयटर, हव्हास आणि वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी जग आपसांत वाटून घेतले. त्यात ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्यास आले. फ्रान्समध्ये किंवा रशियात काय घडले हे पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांस लंडनमार्गेच कळावयाचे, आणि पुण्या-मुंबईत काय घडले हे जगालाही लंडनमार्गेच. आपल्या थोर संपादकांनी अग्रलेख निर्भयपणे लिहिले. परंतु परदेशच्या ज्या बातमीवर ते लिहावयाचे, तिची निवड दुसरीकडे होत होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १८९० च्या सुमारास जगातील समुद्री तारांपैकी सुमारे दोन-तृतीयांश ब्रिटिश कंपन्यांच्या मालकीच्या होत्या, आणि त्यांतील मोठा भाग एकट्या पेंडरच्या समूहाचा होता. मग तो राज्याहून मोठा झाला होता काय? वरवर पाहता तसे वाटे. परंतु कंपनीला तार टाकण्यास समुद्राची खोली मोजून देणारे आरमार सरकारचे होते. ज्या ज्या बंदरी तार किनाऱ्याला लागे तेथील परवाना सरकार देई. आणि सरकारी संदेश हा तिचा मोठा व खात्रीचा धंदा होता. त्याच्या मोबदल्यात सरकारी तारांना अग्रक्रम मिळे आणि प्रसंगी सर्व तार सरकारच्या ताब्यात जाई. कंपनी राज्याच्या छायेत वाढली, आणि राज्य कंपनीच्या तारेवर पसरले. दोघांत भांडणे झाली ती दरांवरून आणि वाट्यावरून. एकमेकांवाचून चालेल असे दोघांपैकी कोणीही कधी मानले नाही.

हे इतर राष्ट्रांना उशिरा, पण कडवटपणे उमगले. १८९८ मध्ये नाईल नदीवरील फशोदा येथे फ्रेंच अधिकारी मार्शां आणि इंग्रज सेनापती किचनेर समोरासमोर आले. किचनेरच्या मागे ईजिप्तपर्यंत तार होती. मार्शांच्या मागे आफ्रिकेचे अरण्य. फ्रेंच सरकारला आपल्याच माणसाची हकीकत इंग्रजांच्या तारेने कळली. पुढल्या वर्षी बोअर युद्ध सुरू होताच आफ्रिकेच्या तारांवर एडन येथे इंग्रजांची तपासणी बसली. मग जर्मनीने १९०० मध्ये अझोर्स बेटांमार्गे न्यूयॉर्कपर्यंत स्वतःची तार टाकली. खुद्द साम्राज्यातील वसाहतीही कंपनीच्या दरांना कंटाळल्या होत्या. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटन यांनी मिळून पॅसिफिक महासागरात सार्वजनिक मालकीची तार टाकली. ती १९०२ मध्ये पूर्ण झाली. तिची चाहूल लागताच ईस्टर्न समूहाने ऑस्ट्रेलियाचे दर उतरविले. वर्षानुवर्षे विनवण्यांनी जे झाले नाही ते एका प्रतिस्पर्धी तारेने झाले.

पुढे महायुद्धाने सगळे पडदे दूर सारले. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, युद्ध पुकारल्यानंतर काही तासांच्या आत, इंग्रजांनी जर्मनीच्या खाडीतील पाच तारा तोडल्या. समुद्री तारांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १८८४ मध्ये पॅरिसला झाला होता. परंतु युद्धकाळी लढणाऱ्या राष्ट्रांचे हात त्याने मोकळेच ठेवले होते. मद्रासवर तोफा डागणारी ‘एमडन’ ही युद्धनौका शेवटी सापडली तीही तारघरामुळेच. नोव्हेंबर १९१४ मध्ये कोकोस बेटांवरील कंपनीचे तारघर उद्ध्वस्त करण्यास तिचे खलाशी उतरले, आणि तारबाबूंनी त्यापूर्वीच धोक्याचा संदेश पाठविला. स्वतःच्या तारा गमावलेल्या जर्मनीस परक्यांच्या तारांवर विसंबावे लागले. जानेवारी १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री झिमरमान यांचा मेक्सिकोसंबंधीचा गुप्त संदेश अमेरिकी वकिलातीच्या तारेने गेला. ती तार लंडनवरून जात होती. इंग्रजांनी तो वाचला, उलगडला आणि योग्य वेळी अमेरिकेच्या हाती दिला. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. जगाच्या सत्तेचा काटा ज्या घटनांनी अटलांटिकच्या पलीकडे झुकविला, त्यांत या तारेची गणना करावी लागते.

येथे कोणी म्हणेल, की नवे तंत्र आले म्हणजे जुनी मक्तेदारी आपोआप मोडते. बिनतारी संदेशाची कथा या आशेलाही मुरड घालते. मार्कोनी कंपनीच्या लघुलहरींच्या यंत्रणेने १९२६-२७ मध्ये ब्रिटनहून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान यांच्याशी संदेशवहन सुरू झाले. आपल्याकडील केंद्रे पुण्याजवळ खडकीस व दौंडास होती. ही सेवा इतकी स्वस्त ठरली की तारकंपन्यांचा धंदा बसू लागला. परंतु तार बुडणे साम्राज्यास परवडणारे नव्हते, कारण आकाशातला संदेश कोणीही ऐकू शकतो आणि समुद्रतळाचा सहसा नाही. १९२८ च्या परिषदेनंतर दोहोंचे एकत्रीकरण घडवून आणण्यात आले; पुढे १९३४ मध्ये त्या संस्थेस ‘केबल अँड वायरलेस’ हे नाव मिळाले. स्पर्धेत हरू लागलेल्या कंपनीस राज्याने हात दिला, आणि जिंकणारीस तिच्याशी बांधून टाकले.

१९४७ च्या १ जानेवारीस ब्रिटनने ही कंपनी राष्ट्राच्या मालकीची केली. त्याच वर्षी आपल्याकडेही परदेशी संदेशवहन सरकारने हाती घेऊन ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ स्थापन केली. स्वतंत्र राष्ट्राच्या पहिल्या कर्तव्यांत ही एक गोष्ट गणली गेली, याचे महत्त्व तेव्हाच्या लोकांस अधिक कळत असावे. १९८६ मध्ये तिचे ‘विदेश संचार निगम’ झाले; २००२ मध्ये तिचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले आणि २०२१ मध्ये सरकारने आपला उरलेला हिस्साही विकला. एका पिढीने जे जपून हाती घेतले ते दुसऱ्या पिढीने मोकळे केले. ते योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतात. त्यावर फारशी चर्चाच झाली नाही, हे मात्र खेदजनक आहे.

आज तांब्याच्या जागी काचेचे तंतू आले आहेत, परंतु वाट तीच आहे. खंडाखंडांतील इंटरनेटची बहुतेक सर्व वाहतूक समुद्रतळावरूनच होते. मुंबईस येणाऱ्या कित्येक तारा तांबडा समुद्र व ईजिप्त याच मार्गाने येतात. २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ, २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात आणि २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तारा तुटल्या. २००८ आणि २०२५ या दोन्ही वेळी तुटलेल्या तारांची झळ भारतास पोहोचली. बदल झाला आहे तो मालकांत. पूर्वी या तारा दूरध्वनी कंपन्यांच्या संघांनी टाकलेल्या असत. आता गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट स्वतः टाकतात. मुंबईस येण्यासाठी ईजिप्त टाळून जॉर्डन, सौदी अरेबिया व ओमान या मार्गे जाणारी ‘रामन’ ही गूगलची तार २०२१ मध्ये जाहीर झाली. तिला नाव आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचे आहे, मालकी मात्र आपली नाही. राज्येही दूर राहिलेली नाहीत. सिंगापूरहून भारतमार्गे फ्रान्सला जाणाऱ्या एका तारेचे काम २०२२ मध्ये चिनी कंपनीऐवजी अमेरिकी कंपनीस मिळाले, त्यामागे अमेरिकेचे दडपण होते. समुद्री तारांतील संदेश ब्रिटिश गुप्तहेरखाते टिपून घेत होते, हे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केले. झिमरमानच्या काळची विद्या लोपलेली नव्हती. आणि युक्रेनच्या युद्धात उपग्रहांची सेवा क्रिमियाच्या किनाऱ्यावर चालू करण्याची विनंती आपण मानली नाही, असे एलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले.

तेव्हा आणि आता यांत भेद नाही असे आम्ही म्हणत नाही. भेद आहे आणि तो मोठा आहे. पेंडरची कंपनी दुसऱ्याचा मजकूर वाहून नेई. तो मजकूर निवडण्याचे काम रॉयटरचे, आणि त्यावर मत बनविण्याचे काम संपादकाचे. आज तार, टपाल, वृत्तसंस्था, ग्रंथालय आणि चावडी हे सर्व एकाच घराण्याच्या छताखाली येऊ लागले आहे. शिवाय पेंडरचे गिऱ्हाईक मूठभर होते. आजच्या कंपनीचे गिऱ्हाईक खेड्यातील शेतमजूरही आहे, आणि त्याच्या प्रत्येक स्पर्शाची नोंद तिच्यापाशी जमते. म्हणून मस्क यांच्या उदाहरणासारखे प्रसंग यापुढे अधिक येतील. परंतु ज्या देशाच्या कायद्याखाली, भांडवलावर आणि संरक्षणात या कंपन्या वाढल्या, त्या देशाशी त्यांचे नाते पेंडरच्या नात्याहून मूलतः निराळे नाही. सत्ता राज्याकडून कंपनीकडे गेली हे वर्णन अपुरे आहे. काही राज्ये आणि त्यांच्या कंपन्या मिळून बलिष्ठ झाल्या आणि बाकीची राज्ये त्यांची गिऱ्हाइके झाली, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

असे असेल तर इतिहासापासून घेण्याचा बोध नैराश्याचा नाही. तार कितीही लांब असली तरी ती कोठे तरी किनाऱ्यास लागते, आणि त्या किनाऱ्यावर राज्य कोणाचे हा प्रश्न शिल्लक राहतो. १८७० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर आपले राज्य नव्हते, आज आहे. परवान्यात कोणत्या अटी असाव्यात, नागरिकांची माहिती कोणत्या नियमाने राहावी, संकटकाळी सेवा बंद करण्याचा अधिकार कोणास असावा, हे ठरविण्याचा हक्क आपल्या संसदेस आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, हे त्या दिशेचे पाऊल होय; परंतु त्याच कायद्यात सरकारने स्वतःस दिलेल्या सवलतीही डोळ्यांआड करता येत नाहीत. कंपनीपासून रक्षण मागताना राज्यासही प्रश्न विचारावे लागतात. सार्वजनिक मार्ग उभारता येतो हे आपण २०१६ पासून यूपीआयच्या रूपाने पाहत आहो. पण त्या मार्गावरील बहुतांश वाहतूक दोन खाजगी कंपन्यांच्या हाती एकवटली आहे, हेही पाहत आहो. केवळ मार्ग बांधून कर्तव्य संपत नाही.

खामगावच्या कुणब्यास आपल्या कापसाचा भाव कोठे ठरतो हे ठाऊक नव्हते. त्यास ते सांगणारे कोणी नव्हते. आज आपल्या मुलाने काय वाचावे, काय पाहावे, कोणत्या भाषेत उत्तर मिळवावे हे कोठे ठरते, हे आपणांस ठाऊक आहे किंवा मनावर घेतल्यास कळू शकते. ठाऊक असून न विचारणे हा अज्ञानाहून मोठा दोष आहे. तारेची मालकी आपल्याकडे नसेल, पण तिच्या अटींविषयी बोलण्याचा अधिकार आहे. आणि तो बजावल्याशिवाय टिकत नाही.